धूर, दारू आणि दाम

आर्डबेग या स्कॉटिश भट्टीची 'कॉरीव्रेकन' नावाची व्हिस्की आहे. तिच्या बाटलीवर 57.1 टक्के असा आकडा छापलेला असतो. आपल्याकडच्या दुकानांतल्या बहुतेक व्हिस्क्या 40 ते 43 च्या घरात असतात, आणि स्कॉच म्हणवून घ्यायचं तर 40 च्या खाली उतरायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे ही चांगलीच जहाल. पण आकडा 57 नाही, 58 नाही, नेमका 57.1 आहे, आणि त्यामागे एक जुनं माप आहे. ब्रिटनमध्ये 1980 पर्यंत दारूची ताकद टक्क्यांत मोजत नसत, 'प्रूफ'मध्ये मोजत. आणि त्या मोजणीतलं 100 प्रूफ म्हणजेच हे 57.1 टक्के.

शंभर हा गोल आकडा 57.1 वर का बसावा? याचं उत्तर बंदुकीच्या दारूत आहे. कथा अशी सांगतात : कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला पिंपातल्या दारूत पाणी घातलंय की नाही हे जागच्या जागी ठरवायचं असे. त्यासाठी चिमूटभर बंदुकीची दारू त्या पिंपातल्या दारूने भिजवायची आणि तिला ठिणगी द्यायची. पाणी जास्त असेल तर ती नुसती फुसफुसेल, पेटणार नाही. पेटली, तर माल सिद्ध झाला. लॅटिन 'प्रोबारे' म्हणजे पारखणं, खरं-खोटं करणं. त्यातून 'प्रूफ'. ज्या ताकदीला भिजलेली दारू जेमतेम पेट घेते, ती ताकद म्हणजे 100.

ही परीक्षा फार भरवशाची नव्हती. दारू किती ओतली, यावर निकाल बदलायचा. म्हणून पुढे साइक्स नावाच्या अबकारी अधिकाऱ्याने बनवलेला हायड्रोमीटर 1816 च्या कायद्याने अधिकृत केला गेला. 51 अंश फॅरनहाइट तापमानाला जिचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या बारा-तेरांश भरतं, ती प्रूफ दारू, अशी कोरडी व्याख्या आली. ठिणगी गेली, पण तिने आखलेली रेघ तिथेच राहिली.

वर मी जे वाक्य लिहिलं, 'बंदुकीची दारू दारूने भिजवायची', ते मराठीत अगदी सरळ उतरतं. इंग्रजीत तिथे दोन वेगळे शब्द लागतात, आपल्याला एकच पुरतो. दारूगोळा, दारूखाना, शोभेची दारू, जत्रेत उडवायची दारू आणि गुत्त्यावरची दारू, सगळ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो. मुंबईत रे रोडजवळच्या, जहाजं तोडण्याच्या वस्तीचं नाव आजही दारूखाना आहे. परक्या माणसाला वाटेल की तिथे प्यायची सोय असावी. मराठी माणूस मात्र संदर्भावरून बरोबर ओळखतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं, विशेष वाटायला हवं.

कारण हे दोन अर्थ योगायोगाने शेजारी येऊन बसलेले नाहीत. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, एवढाच मूळ अर्थ. तो आपल्याकडे 'दवादारू' या जोडशब्दात जसाच्या तसा जिवंत आहे. 'बरीच दवादारू केली, पण गुण आला नाही' असं म्हणताना आजीच्या मनात पेला नसतो. वैद्याने कुटून, गाळून, मिसळून केलेली पूड ती दारू. मग सोरा, गंधक आणि कोळसा कुटून केलेली पूडही दारूच. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला 'हुओयाओ' म्हणतात, त्याचा अर्थ 'अग्नीचं औषध'. जिथे या पुडीचा शोध लागला तिथेही ती औषधाच्याच कपाटात ठेवली गेली होती. आणि पिण्याची दारू तर औषध म्हणूनच घरात आली. फारसीतल्या या शब्दाचं मूळ भाषेचे अभ्यासक 'दार' म्हणजे झाड, लाकूड, याच्याशी जोडतात. आपल्या 'देवदारु'मधला 'दारु' तोच. झाडपाला, मुळी, साल हीच पहिली औषधं, म्हणून झाडावरून औषधाला नाव. ओकच्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षं राहिल्याशिवाय जिला व्हिस्की म्हणता येत नाही, त्या पेयाला आपण झाडावरून आलेल्या शब्दाने ओळखतो, हे मला फार आवडतं.

'प्रूफ'ला मराठी शब्द हवा असेल तर तो तयार आहे : कस. सोनार काळ्या दगडावर सोनं घासून कस पाहतो, तो परीक्षेचा कस. जमिनीला कस आहे, धान्यात कस उरला नाही, तो ताकदीचा कस. पारख आणि पारखून सिद्ध झालेलं बळ, हे दोन्ही अर्थ इंग्रजी 'प्रूफ'मध्ये दारूच्या निमित्ताने एकत्र आले. 'कस'मध्ये ते बोलताबोलता एकत्र नांदतात. कॉरीव्रेकनची दारू कसाची आहे, असं म्हटलं तर ते भाषांतर वाटत नाही.

कॉरीव्रेकन हे नावही थोडं उलगडायला हवं. जुरा आणि स्कार्बा या दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत एक प्रचंड भोवरा आहे, त्याचं हे नाव. जॉर्ज ऑरवेल जुरावर राहून '1984' लिहीत होता तेव्हा, 1947 साली, या भोवऱ्यात त्याची होडी सापडली आणि तो बुडताबुडता वाचला. गेलिक भाषेत 'कॉरे' म्हणजे कढई, हंडा. ब्रेकनचा हंडा, असा त्या नावाचा अर्थ. हा 'कॉरे' आणि आपला संस्कृत 'चरु' एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत. यज्ञात ज्या भांड्यात हविष्यान्न शिजवतात तो चरु, आणि पुढे त्यात शिजलेलं अन्नही चरु. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा उकळता समुद्र आणि वेदीवरचा शिजणारा भात एका नावाच्या दोन टोकांना आहेत, आणि मध्ये हजारो मैल आणि हजारो वर्षं.

आता खुद्द 'व्हिस्की'. गेलिकमध्ये तिला 'उश्के बेहा' म्हणत. लिहिताना हा शब्द फार वेगळा दिसतो आणि त्याचा उच्चार इंग्रजांच्या जिभेवर कधीच नीट बसला नाही. डॉ. जॉन्सनच्या 1755 च्या शब्दकोशात तो 'अस्क्विबॉ' असा येतो. तिथेच अशी नोंद आहे की डोंगराळ भागातल्या प्रकाराला अपभ्रंशाने 'व्हिस्की' म्हणतात. शब्दाचा मागचा अर्धा भाग गळून गेला आणि पुढचा अर्धा जगभर पसरला.

त्या जोडशब्दाचा अर्थ 'जीवनाचं पाणी'. मठांतले लॅटिन जाणणारे लोक ऊर्ध्वपातित दारूला 'अक्वा व्हिटे' म्हणत, त्याचंच हे गेलिक रूप. पण शब्द फोडून पाहिला की तो फार परका राहत नाही. 'उश्के' आणि आपलं 'उदक' एकाच धातूतून निघाले आहेत. रशियन 'वोदा' आणि तिचं लाडकं रूप 'वोदका'सुद्धा तिथूनच. 'बेहा' हा 'जीव', 'जीवित' यांचा भाऊबंद. म्हणजे उश्के बेहा अक्षरशः उदक-जीवित. उदक हा शब्द आता मराठीत बहुतेक 'उदक सोडणे' यापुरताच उरला आहे, आणि 'जीवन' हे पाण्याचं एक नाव म्हणून अमरकोशात नोंदलेलं आहे. गेलिक माणसाला जे सांगायला दोन शब्द लागले, त्यासाठी संस्कृतात एकच पुरला. पण तो साध्या पाण्याला वाहिलेला आहे, आणि मला ते योग्यच वाटतं.

'जीवनाचं पाणी' हे नाव कौतुकाने दिलेलं नव्हतं, ते औषधाच्या बाटलीवरचं लेबल होतं. स्कॉटलंडच्या राजकोशाच्या 1494-95 च्या हिशेबात फ्रायर जॉन कॉर या धर्मबंधूला अक्वा व्हिटे बनवण्यासाठी आठ 'बोल' (हे धान्याचं जुनं माप) माल्ट दिल्याची नोंद आहे. स्कॉटलंडमधला ऊर्ध्वपातनाचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख मानतात. पुढे 1505 साली एडिंबरामध्ये अक्वा व्हिटे बनवण्याचा आणि विकण्याचा एकाधिकार मिळाला तो न्हावी-शस्त्रवैद्यांच्या संघाला. जखमा शिवणारे आणि दाढ्या करणारे हात तेच, आणि दारू गाळणारे हातही तेच. आजही तिथे पेला उचलताना 'स्लांज' म्हणतात, त्याचा अर्थ प्रकृती, आरोग्य.

आपल्याकडेही हेच घडलं, फक्त शब्द दुसऱ्या वाटेने गेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या देखरेखीखाली ज्या मद्यांची नावं येतात त्यांत आसव आहे, अरिष्ट आहे. त्यांतल्या कित्येकांची नावं आज फक्त अभ्यासकांना माहीत असतात, पण हे दोन शब्द औषधाच्या दुकानात सुखरूप आहेत. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारी आसव. ज्या घरात दारूचं नाव काढलेलं चालत नाही, त्याच घरात बाळंतिणीला दशमूलारिष्ट चमच्याने मोजून दिलं जातं, आणि त्यात दोष कोणी काढत नाही. शब्दाने वस्तूला आडोसा दिला.

करखात्याच्या शब्दातही पाणी आहे. 'अबकारी'मधला 'आब' म्हणजे पाणी, म्हणून आबकारी म्हणजे पाण्याचं काम, दारू गाळण्याचं काम. मुंबई इलाख्याचा 1878 चा कायदा 'बॉम्बे अबकारी अ‍ॅक्ट' याच नावाने निघाला. उदक, वोदका, अबकारी. जाळणाऱ्या वस्तूला पाण्याचं नाव द्यायची ही खोड कुठल्या एका समाजाची नाही.

अरबी शब्द मात्र जास्त काटेकोर आहे. 'अर्क' म्हणजे घाम. भांड्याच्या आतल्या भिंतीवर वाफ थिजते, तिचे थेंब बनतात आणि घरंगळत खाली येतात. ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं असेल त्याला घामाने डवरलेला चेहरा आठवला असणार. गोव्यात काजूच्या रसाच्या पहिल्या धारेला 'उर्राक' म्हणतात, त्यातही हाच अर्क ऐकू येतो. मराठीत बनेल माणसाला 'अर्क आहे नुसता' म्हणतात. त्यातही काहीतरी गाळून, आटवून, घट्ट होऊन राहिल्याची जाणीव आहे. लॅटिनने फक्त थेंब टिपला : 'स्टिला' म्हणजे थेंब, त्यावरून इंग्रजीत भट्टीच्या भांड्याला 'स्टिल'.

आपला शास्त्रीय शब्द ऊर्ध्वपातन. वर पाडणं. इतका उलटा वाटणारा आणि इतका अचूक शब्द मला दुसरा आठवत नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्याच्या शुद्धीसाठी तीन पातनं सांगितली आहेत : ऊर्ध्वपातन, अधःपातन आणि तिर्यक्‌पातन. वाफ वर जाऊन झाकणाला चिकटली तर पहिलं, खाली धरली तर दुसरं, आणि आडव्या नळीने शेजारच्या भांड्यात नेली तर तिसरं. शाळेच्या पुस्तकांनी पहिलाच शब्द सगळ्यांसाठी उचलला. पण स्कॉटलंडमधल्या तांब्याच्या भट्टीसमोर उभं राहिलं की कळतं, इथे खरा शब्द तिर्यक्‌पातन. भांड्याच्या वर लांब मान असते, आणि तिच्या टोकाला आडवा, किंचित तिरपा नळ. त्याचा उतार किती यावर दारूचा स्वभाव ठरतो. नळ वर झुकलेला असेल तर जड वाफा चढू शकत नाहीत, माघारी येतात आणि दारू हलकी उतरते. खाली झुकलेला असेल तर सगळंच पलीकडे जातं. आर्डबेगच्या भट्टीत त्या नळाला एक लहान भांडं जोडलेलं आहे. जड वाफ त्यात थिजते आणि नळीने पुन्हा खालच्या मोठ्या भांड्यात पडते. म्हणून इतकी धुराची दारू असूनही तिच्यात एक फळांसारखी गोडी राहते. तिर्यक् वर आणि तिर्यक् खाली, एवढ्या फरकाने चव बदलते, आणि आपल्या जुन्या पारिभाषिक शब्दांत त्या फरकाला जागा होती.

धूर कुठून येतो, ते आता सांगायला हवं. तो भट्टीत येत नाही आणि पिंपातूनही येत नाही. तो येतो जवाला मोड आणून वाळवताना. 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच भट्टीत बनलेली फक्त माल्टची व्हिस्की. एका पिंपाची किंवा एका वर्षाची असलीच पाहिजे असं नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. जव भिजवायचा, जमिनीवर पसरायचा, लाकडी फावड्यांनी उलटापालटा करायचा. लाफ्रॉइग आणि बोमोर या भट्ट्या आजही यातलं काही काम स्वतःच्या जमिनीवर करतात. मोड डोकावले की पिष्टाची साखर करणारी द्रव्यं दाण्यात तयार होतात. मग मोडांची वाढ थांबवायला दाणा सुकवायचा, आणि इथे शेकोटी लागते.

आर्डबेग, लाफ्रॉइग या भट्ट्या ज्या आयला बेटावर आहेत, तिथे झाडं थोडी. (इंग्रजीत या नावात 'एस' लिहितात, म्हणत नाहीत.) जळणाला मिळतं ते पीट. पीटला मराठी शब्द नाही, कारण ही वस्तूच आपल्या मुलखात नाही. पाणथळ, थंड जमिनीत शेवाळ आणि हीदरची झुडपं मरून पडतात, पण हवा पोचत नसल्यामुळे पूर्ण कुजत नाहीत. थरावर थर साचत जातात, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे कुदळीने कापलेल्या हातभर उंचीच्या तुकड्यात कित्येक शतकं असतात. वाळवलेला हा तुकडा पेटवला की ज्वाळा कमी आणि धूर फार. ओलसर दाण्याची साल हा धूर धरून ठेवते. धुरातल्या द्रव्यांचं प्रमाण दशलक्षांशांत मोजतात. लॅगाव्हूलिनच्या माल्टमध्ये ते साधारण 35, लाफ्रॉइगच्या चाळीसच्या पुढे, आर्डबेगच्या 50 च्या आसपास. हे माल्टचे आकडे आहेत. दारूत उतरेपर्यंत त्यातला बराचसा भाग गळून जातो, म्हणून केवळ आकड्यावरून दारूची पारख करू नये.

लाफ्रॉइगचा पेला पहिल्यांदा नाकाशी नेणारा जवळजवळ प्रत्येक माणूस म्हणतो, 'दवाखान्याचा वास येतोय.' हा त्याचा भास नाही. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टरने 1865 साली उघड्या हाडमोडीच्या जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडची पट्टी बांधली आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेची सुरुवात झाली. ते कार्बोलिक अ‍ॅसिड म्हणजे फिनॉल. पीटच्या धुरात तेच द्रव्य आणि त्याची भावंडं असतात. पुढे दवाखान्यांच्या फरशांवर जे फिनाईल आलं, त्याचं नावही याच घरातलं. नाकाने जे ओळखलं ते रसायनाने बरोबर आहे. आयला बेटापासून ग्लासगो तसं जवळच, पण धूर आणि पट्टी यांचं नातं वासातून जास्त लवकर कळतं.

या द्रव्यांची नावं तपासताना मी थक्क झालो, म्हणून इथे जरा थांबतो. फिनॉल हे नाव ग्रीक 'फाइनेइन' म्हणजे चमकणं, दिसणं, यावरून. दिव्यांसाठी कोळशाचा गॅस बनवताना जे डांबर उरे, त्यातून हे द्रव्य निघालं, म्हणून त्याला उजेडाचं नाव. या ग्रीक धातूचा संस्कृत भाऊ 'भा' : भानू, प्रभा, आभा. दुसरं द्रव्य क्रेसॉल, ते 'क्रिओसोट'वरून. लाकडाच्या डांबरात रायशेनबाख याला 1832 मध्ये हे तेल सापडलं आणि त्याने ग्रीक 'क्रेआस' (मांस) आणि 'सोटेर' (तारणारा) जोडून नाव दिलं : मांस राखणारा. धुरात धरलेलं मांस आणि मासे का टिकतात, याचं उत्तर त्या नावातच आहे. 'क्रेआस'चा आपल्याकडचा भाऊबंद 'क्रव्य', कच्चं मांस. चितेच्या अग्नीला 'क्रव्याद' म्हणतात तो याच शब्दावरून.

तिसरं द्रव्य ग्वायकॉल. शेकोटीच्या धुराला जो खरपूस, मसालेदार वास असतो तो बराचसा याचा. वेस्ट इंडीजमधल्या ग्वायकम नावाच्या झाडाच्या राळेतून हे प्रथम वेगळं काढलं गेलं. सोळाव्या शतकात या झाडाचं लाकूड औषध म्हणून युरोपात आलं, आणि औषध म्हणून त्याला लॅटिन नाव मिळालं 'लिग्नम व्हिटे'. जीवनाचं लाकूड. जीवनाच्या पाण्यात जीवनाच्या लाकडाचा वास, आणि ते दोन्ही मराठीत सांगायला झाडावरून औषध झालेला, औषधावरून दारू झालेला शब्द. हे कोणी ठरवून जुळवलेलं नाही. माणसं जिथे बरं होण्याची आशा धरतात, तिथेच ती नावं ठेवतात.

धुराच्या बाबतीत आपली भाषा चांगली सधन आहे. संस्कृत 'धूम' आणि लॅटिन 'फूमुस' हे एकाच मूळ शब्दाचे दोन फाटे आहेत. त्या 'फूमुस'मधून 'परफ्यूम' आला, म्हणजे धुरातून आलेला वास, आणि 'धूप'ही आपल्याकडे आधी धूर आहे, मगच सुगंध. पण मराठीत धूर नुसता धूर राहत नाही. खोली धुरकट होते, दूध धुरकटतं, भात करपतो, भाजणी खरपूस होते. निखाऱ्यावर तूप सोडून वरणाला धुंगार देतात. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीत ओवा आणि वावडिंग टाकून धुरी देतात. सिंगल माल्टची वर्णनं वाचताना हीदरचा मध, नाताळचा केक, समुद्रावरचं डांबर अशी उपमानं भेटतात. ज्याने हीदर पाहिलं नाही त्याच्या नाकाला त्यांचा उपयोग नसतो. मराठी माणसाने आयलाच्या व्हिस्कीत धुरीची शेगडी ओळखली तर ते वर्णन केकपेक्षा खरं आहे. कारण धुरीत ओव्याचा जो तिखट, औषधी झणका असतो, तो ज्या थायमॉलचा, तेही फिनॉलच्याच कुळातलं आहे.

57.1 टक्क्यांची व्हिस्की मात्र पहिल्या घोटात हे काही सांगत नाही. नाक पेल्यात घातलं तर झणकाच बसतो. पेला हनुवटीजवळ धरावा, तोंड किंचित उघडं ठेवावं, वास आपण होऊन येऊ द्यावा. आधी उग्र, मग मातकट, समुद्राकडचा खारट ओलेपणा. जिभेवर पहिल्यांदा गोड लागते, हे नवख्याला खरं वाटत नाही, पण माल्टची गोडी धुराच्या आधी पोचते. मग जीभ चुरचुरते आणि घशाला झोंबते. धूर सर्वांत शेवटी येतो, आणि घोट गिळल्यावरही कितीतरी वेळ टाळूला राहतो.

मग पाणी. चमचाभर घातलं की पेल्यात तेलासारखे दोरे उलगडत जातात, कारण दारू आणि पाणी लगेच एकजीव होत नाहीत. वास उघडतो. जुन्या चाखणाऱ्यांना हे माहीत होतंच. 2017 मध्ये स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी संगणकावर गणित मांडून त्याचं कारण दाखवलं. ग्वायकॉलचे रेणू तीव्र दारूत अल्कोहोलने वेढले जाऊन आत दडून राहतात, पाणी घातलं की ते पृष्ठभागाकडे येतात. जीवनाच्या लाकडाला बाहेर यायला साधं जीवन लागतं. पाणी न घालण्यात काही मर्दुमकी आहे असं मानणाऱ्यांचं माझं कधी जमलेलं नाही.

कस पाहायला यंत्र नसेल तर एक डोळ्याची रीत आहे. बाटली जोराने हलवून धरायची. पन्नास टक्क्यांच्या वरची दारू असेल तर वर मण्यांसारखे बुडबुडे जमतात आणि बराच वेळ फुटत नाहीत. हलकी असेल तर फेस तिथल्या तिथे मरतो. गोव्यातले भट्टीवाले फेसावरूनच दारूचा जोर ओळखत आले, आणि 'फेणी' हे नाव संस्कृत 'फेन'वरून, फेसावरून आलं असं मानतात. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मिळवणारी ती देशातली पहिली दारू. त्याच गोव्यात कुंकळ्ळीला आता पीटच्या धुरावरची सिंगल माल्टही बनते, 55.5 टक्क्यांची एक तर खास धुराची. तिथल्या उन्हात पिंपातून दर वर्षी जेवढी दारू उडून जाते ती स्कॉटलंडच्या दोनेक टक्क्यांच्या कितीतरी पट असते, म्हणून ती लवकर पिकते. तिचा धूर आयलाच्या धुरापेक्षा गोडसर आहे, आणि मला तो वेगळा म्हणून आवडतो, नक्कल म्हणून नाही.

राहिलं माप. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीच्या घोटभर मापाला 'ड्राम' म्हणतात. ड्राम हे औषधवाल्यांचं माप, औंसाचा आठवा भाग. म्हणजे पेल्यात ओतण्याच्या क्षणीही आपण औषधाच्या दुकानातच असतो. त्याच्यामागे ग्रीक 'द्राख्मे', चांदीचं नाणं आणि त्याचं वजन. हेच नाणं ग्रीकांबरोबर हिंदुस्थानात आलं आणि संस्कृतात 'द्रम्म' झालं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त नाण्यांचं कोष्टक आहे, त्यात सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. प्राकृतात झिजून द्रम्माचा 'दाम' झाला, आणि तो आपण अजून मोजतो. आज ब्रिटनमधल्या बारमध्ये व्हिस्की 25 किंवा 35 मिलिलिटरच्या मापाने द्यावी लागते, आपल्याकडे 30 चा किंवा 60 चा पेग भरतात. पण मागताना तिथला गिऱ्हाईक म्हणतो ड्राम, आणि चुकते करताना इथला गिऱ्हाईक म्हणतो दाम.